जुना क्लिक-थ्री, नवा रोल : कोणता घ्यावा?

मागच्या हिवाळ्यात आम्ही मुंबईच्या चोर बाजारातून आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा आणला आणि भायंदरजवळच्या उत्तनला भर दुपारी १२ फोटो काढले. रोल ४०० वेगाचा होता. ‘फास्ट म्हणजे चांगला’ असे दुकानदार म्हणाला, आम्हीही अधिक चौकशी केली नाही. निगेटिव्ह तव्याच्या बुडासारख्या काळ्या आल्या. बोंबील वाळत घातलेले बांबू तेवढे अंधूक दिसत होते.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. बडोद्यात तयार होणारा हा कॅमेरा एके काळी घरोघरी होता. खेळण्यासारखा साधा : एक भिंग, शटरचा एकच वेग, आणि उजेडासाठी ऊन व ढग या दोन खुणा. त्यामुळे बाकीचा हिशेब रोलनेच सांभाळावा लागतो. भर उन्हात १०० वेगाच्या फिल्मवरही गरजेच्या सुमारे चौपट उजेड पडतो. ४०० वर तो सोळापट होतो. निगेटिव्ह फिल्म चौपट सोसते, सोळापटीत बारकावे जातात.

म्हणून उन्हासाठी १०० किंवा १२५ वेगाचा कृष्णधवल रोल घ्यावा. फोमापॅन १०० किंवा इल्फर्ड एफपी-४ चालेल. ४०० चा रोल पावसाळी दिवसासाठी आणि सावलीसाठी ठेवावा. रंगीत हवा असेल तर कोडॅकने २०२२ साली १२० आकारात पुन्हा आणलेला गोल्ड २०० आहे. स्लाइड फिल्म मात्र टाळावी. तिला जादा उजेड सोसत नाही.

रोल १२० आकाराचाच मागावा. काही जुने बॉक्स कॅमेरे ६२० चे असतात. फिल्मची रुंदी तीच, पण रीळ बारीक. तो रोल कोडॅकने १९९५ साली बंद केला. मागच्या लाल खिडकीवर काळी पट्टी लावावी आणि आकडा पाहण्यापुरती सावलीत उचलावी. पूर्वीच्या कित्येक फिल्मना लाल उजेड बाधत नसे, आजच्या फिल्मला बाधतो. फ्रिजमधला रोल तासभर बाहेर ठेवूनच उघडावा, नाहीतर आपल्या दमट हवेत त्यावर पाणी धरते.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल अजून कुठेकुठे निघतात. कारखाना बंद झाला आहे, मुदतही संपली आहे. ते शोभेला ठेवावेत, ताजा माल म्हणून विकू नयेत.

जुने कॅमेरे विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या बंधूंना आमचे एवढेच सांगणे : आधी एक रोल स्वतः घालून पाहा. उजेड शिरतो का, शटर अडकते का, हे तपासा आणि ऐब असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा. वडिलांचा कॅमेरा घेऊन येणारा माणूस आठवण घेऊन येतो. त्याचे १२ फोटो वाया गेले तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. योग्य रोल हाती दिलात तर चार जणांना घेऊन येईल.