चुकलेले कॅथेड्रल

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत आमच्या शेणव्याच्या खाचरात माझ्या आईला साप चावला. वेळेवर गाडी मिळाली, तालुक्याच्या गावी दवाखान्यात इंजेक्शने मिळाली आणि तीन रात्रींनंतर ती पायांवर उभी राहिली. त्या तिन्ही रात्री मूळच्या केरळच्या एक सिस्टर ड्यूटीवर होत्या. सलाईनची बाटली बदलताना त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत असत. घरी सोडले त्या दिवशी आईने त्यांना नव्या भाताचे पायलीभर तांदूळ कबूल केले. सिस्टर हसून म्हणाल्या, "मावशी, आधी माझं काम. मी तुमच्यासाठी नवस बोललेय. तुमचा मुलगा मुंबईला जाईल तेव्हा आमच्या कॅथेड्रलमध्ये दोन मेणबत्त्या लावू दे. मग तांदूळ."

आमच्या घरात नवस म्हणजे नवस. तो कोणत्या देवाचा, हा प्रश्न निघत नाही. प्रश्न निघायला हवा होता तो दुसराच. कॅथेड्रल कोणते, हे मी त्यांना विचारायला हवे होते आणि विचारले नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे एखादी गोष्ट ठाऊक नाही असे चारचौघांत कबूल करणे मला फार जड जाते. तसे म्हटले की बापाने भरलेली फी फुकट गेली असे वाटते. सिस्टर बोलता बोलता एवढेच म्हणाल्या होत्या की, आमचा धर्म संत थॉमसने आणला. मी एका मित्राला विचारले. तो म्हणाला, "सेंट थॉमस कॅथेड्रल ना? फोर्टात आहे, मोठं नावाजलेलं." माझे समाधान झाले.

वर्षभर जाणे जमले नाही. यंदा पंधरा ऑगस्टच्या आधीच्या रविवारी दोन मित्रांना घेऊन निघालो. पहाटेची एस.टी., आसनगावहून लोकल आणि दोन तासांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. वाटेत गाडी दादरला थांबली, माणसे उतरली, माणसे चढली. त्या थांब्याचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही.

टर्मिनसहून चालत हुतात्मा चौकात यावे, फ्लोरा फाउंटनला वळसा घालून वीर नरिमन मार्गाने हॉर्निमन सर्कलकडे निघावे, म्हणजे सर्कल येण्यापूर्वी हे चर्च लागते. या रस्त्याचे जुने नाव चर्चगेट स्ट्रीट. आपण रोज 'चर्चगेट' म्हणतो, पण त्या स्टेशनापाशी ना ते चर्च ना ते गेट. खुलासा असा की इंग्रजांच्या किल्ल्याला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. आज फ्लोरा फाउंटन आहे त्याच्या आसपास हा तिसरा दरवाजा होता आणि आतला रस्ता सरळ या चर्चकडे जाई. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडले गेले. दरवाजा गेला, नाव मात्र पश्चिमेकडे सरकत स्टेशनाला जाऊन चिकटले. एके काळी मुंबईतील मैलांचे दगडही याच चर्चपासून अंतर मोजून रोवलेले होते. म्हणजे शहर कुठून सुरू होते ते या दारावरून ठरत असे.

दारासमोर एक कोरीव कारंजे आहे. विलायतेतील प्रख्यात वास्तुकार गिल्बर्ट स्कॉट याने ते आखले. राजाबाई टॉवरचा आराखडाही त्याचाच. पैसा मात्र पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचा. मला येथे थोडे विषयांतर करू द्यावे. मुंबईला १८९२ पासून तानसाचे पाणी मिळते आणि तानसा आमच्या शहापूर तालुक्यात आहे. पुढे वैतरणा झाली, भातसा झाली. त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. कारंजे पाहिल्यावर माझ्या मनात प्रथम हंडे आले, हे लपवण्यात अर्थ नाही. असो.

आत पाऊल टाकताना मनात धाकधूक होती. कोणी हटकले तर काय सांगायचे ते मी पाठ करून ठेवले होते. कोणीही हटकले नाही. उंच छत, रंगीत काचा, लाकडी बाके आणि दोन्ही भिंतींवर संगमरवरी पुतळे. मी देवाच्या मूर्ती शोधत होतो, पण ही सारी माणसेच निघाली. कोणी गव्हर्नर, कोणी कप्तान. १८०८ साली फ्रेंच जहाजाशी लढताना पडलेल्या कॅप्टन हार्डिंजचे स्मारक येथे आहे. गव्हर्नर जोनाथन डंकनचेही आहे. बनारस आणि काठेवाडात मुली जन्मताच मारण्याची चाल बंद करण्यासाठी तो झटला, त्याचा उल्लेख त्या दगडात कोरलेला आहे. त्याच्यापुढे मी जरा जास्त वेळ उभा राहिलो. बाकीच्यांच्या तलवारी आणि जहाजे पाहून मात्र वाटले की हे देऊळ कमी आणि राज्यकर्त्यांचे दफ्तर जास्त.

परत आल्यावर आमच्या इतिहासाच्या सरांनी ग्रंथालयातून पुस्तके काढून दिली, तेव्हा या वास्तूची हकीकत कळली. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७६ साली पाया घातला. पुढच्याच वर्षी तो वारला आणि काम बंद पडले. माणसाच्या दुप्पट-अडीचपट उंचीच्या भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या होत्या. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या जहाजी व्यापाऱ्याने तर लिहून ठेवले आहे की, चर्चसाठी जमलेली रक्कम सर जॉन चाइल्ड या बड्या अधिकाऱ्याने आपल्याच घशात घातली. देवळाच्या वर्गणीचा हिशेब कुठे जातो हा प्रश्न फक्त आमच्याच गावात पडतो असे मी समजत होतो! शेवटी रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला, त्याने नव्याने वर्गणी उभी केली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले.

त्या दिवशीची एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उद्घाटनाला मुंबईतील बडा हिंदू व्यापारी रामा कामती आपल्या जातभाईंसह हजर होता. वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा बांधण्यात ज्याचा हात होता तोच हा गृहस्थ. सगळी प्रार्थना होईपर्यंत ही मंडळी थांबली, असे कॉबने कौतुकाने नोंदवले आहे. यानंतर दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, कंपनी सरकारने त्याच रामा कामतीवर खटला भरला. आरोप असा की त्याने कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केला. साक्षीदाराचा छळ करून जबानी घेतली गेली. कामतीची मालमत्ता जप्त झाली आणि तो तुरुंगातच मेला. पत्रे बनावट होती हे पुढे उघडकीस आले, पण तोवर उशीर झाला होता. त्या भिंतींवर इतक्या जणांच्या स्मृती आहेत. रामा कामतीच्या नावाचा दगड मला काही तेथे दिसला नाही.

मेणबत्त्यांचे काय झाले? पिशवीतून त्या काढून मी तेथल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारले. ते फार सौजन्याने म्हणाले, "आमच्याकडे तशी पद्धत नाही, बेटा. बसून प्रार्थना करा." मी बसलो, हात जोडले आणि मेणबत्त्या पुन्हा पिशवीत घातल्या. परतीच्या लोकलमध्ये खूप गर्दी होती. मेणबत्त्या वाकल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांना सगळे सांगितले. त्या आधी खूप हसल्या, मग गंभीर झाल्या. "अरे, ते इंग्रजांचं. आमचं ऑर्थोडॉक्स. दादरला आहे, सेंट मेरीज. थॉमस तोच, पण घर वेगळं." हे वेगळे घर म्हणजे काय ते समजून घेण्यात माझे पुढचे काही आठवडे गेले. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत माझ्यासारखीच असेल म्हणून ते सविस्तर लिहितो.

प्रथम कॅथेड्रल. कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च असे मला वाटे. तसे नाही. 'कथेद्रा' या ग्रीक शब्दाचा अर्थ आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. आपल्याकडे मठाची गादी असते, तसेच. म्हणूनच फोर्टातील चर्च १७१८ पासून असूनही ते कॅथेड्रल झाले १८३७ मध्ये, मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला तेव्हा. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजाने सोळाव्या शतकात पोपशी संबंध तोडल्यावर जो पंथ झाला त्याचे. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे.

'ऑर्थोडॉक्स' हा शब्द आपण कर्मठ माणसाला लावतो. ग्रीकमध्ये 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, योग्य, आणि 'डोक्सा' म्हणजे मत किंवा स्तुती. योग्य मताचे ते ऑर्थोडॉक्स, असे त्यांनी स्वतःला म्हटले. यांतही दोन शाखा आहेत. ग्रीस, रशिया इत्यादी देशांतील चर्च रोमपासून दुरावली त्याचे साल १०५४ असे सांगतात. त्याच्याही आधी, इ.स. ४५१ मध्ये कॅल्सेडॉन येथे भरलेल्या धर्मसभेत ख्रिस्ताच्या देव आणि मानव या दोन रूपांविषयी वाद झाला. तो निर्णय न मानणारी इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातील चर्च निराळी राहिली. केरळचे ऑर्थोडॉक्स या जुन्या शाखेतले. मौज अशी की आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ साली बांधलेले, याच शाखेचे एक चर्च फोर्टातच आहे. मी ज्या बाकावर बसलो होतो तेथून ते काही मिनिटांच्या अंतरावर होते.

केरळातील परंपरा सांगते की येशूचा शिष्य थॉमस इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरच्या किनाऱ्यावर उतरला. इतिहासकारांचे याविषयी एकमत नाही. परंतु सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने मलबारात ख्रिस्ती लोक असल्याचे लिहिले आहे, म्हणजे वास्को द गामा १४९८ साली आला त्याच्या निदान साडेनऊशे वर्षे आधीपासून ते येथे होते. त्यांची प्रार्थनेची भाषा सिरियाक; येशू जी अरामी भाषा बोले तिचीच ही एक बोली. पोर्तुगीजांना हे लोक आपले धर्मबांधव वाटले आणि वाट चुकलेलेही वाटले. १५९९ साली उदयंपेरूर येथे सभा घेऊन त्यांना रोमच्या शिस्तीत आणण्यात आले, जुने ग्रंथ जाळण्यात आले. १६५३ मध्ये मट्टनचेरी येथे हजारो लोक जमले. क्रुसाला दोर बांधला, जो तो दोर धरून उभा राहिला आणि यापुढे या पाद्र्यांचे ऐकणार नाही अशी शपथ घेतली. ओढीने क्रूस वाकला म्हणतात, म्हणून तिला 'कूनन कुरिशु' म्हणजे वाकड्या क्रुसाची शपथ असे नाव पडले. इकडे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्याच्या तीनच वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे या लोकांत अनेक फाटे फुटले. त्यांतील मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चचे मुख्यालय आज कोट्टायमला आहे आणि त्यांच्या प्रमुखाला कॅथोलिकोस म्हणतात.

ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांबरोबर आलेले, असे मी शाळेपासून धरून चाललो होतो. सिस्टरांचे घराणे कदाचित इंग्लंडात चर्च नव्हते तेव्हापासून ख्रिस्ती असेल, हे कळल्यावर मला त्यांच्याशी बोलताना काही दिवस उगीचच संकोच वाटत होता.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी एकटाच दादरला उतरलो. येथे संगमरवरी गव्हर्नर नव्हते. सर्वांनी चपला बाहेर काढल्या, मीही काढल्या. डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतलेल्या बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. समोर वेदीपुढे पडदा. तो मध्येच सरतो, मध्येच ओढला जातो. आपल्याकडे नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा ओढतात त्याची आठवण झाली. धुपाचा वास दाट होता. प्रार्थना मल्याळममध्ये चालली होती, एक अक्षर कळत नव्हते. परंतु लोक बहुतेक वेळ उभेच होते, आणि हरिपाठाला उभे राहायची सवय असल्यामुळे मला त्याचे काही वाटले नाही. शेजारच्या एका काकांनी मध्येच हळूच विचारले, "कुठून आलास?" "शहापूरकडून," मी म्हटले. "लांबून आलास," म्हणाले, आणि आपल्या हातातले पुस्तक माझ्यापुढे धरले. मला वाचता येणार नाही हे त्यांना ठाऊक असावे. तरी धरले.

प्रार्थना संपल्यावर त्यांनीच मेणबत्त्यांची जागा दाखवली. माझ्या दोन्ही मेणबत्त्या ऑगस्टपासून वाकलेल्याच होत्या. तळहातांवर चोळून शक्य तेवढ्या सरळ केल्या आणि लावल्या. एक आईची. दुसरी कोणाची, ते सिस्टरांनी सांगितले नव्हते आणि या खेपेला विचारायचे राहिले ते मात्र लाजेने नव्हे.

घरी पोचायला रात्र झाली. आई ओटीवर बसली होती.

"लावल्यास का रं मेनबत्त्या?"

"लावल्या."

"त्याच देवलात ना?"

"त्याच."

"मंग उद्या शहापूरला जाताना तांदूल ने तिला," ती म्हणाली आणि पायली शोधायला आत गेली.