चढाईपटूची पारख: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कबड्डीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात एकटा शिरून, गडी मारून मध्यरेषेपलीकडे परतणारा तो चढाईपटू. सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या महाविद्यालयातला चांगला चढाईपटू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून शिवाजी विद्यापीठाच्या संघात येतो आणि तिथून पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून या वाटेच्या टोकाला व्यावसायिक करारही दिसू लागला. त्याच जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके पहिल्या हंगामापासून दबंग दिल्लीकडून चमकला. जिल्ह्याचाच नितीन मदने त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. तरीही व्यावसायिक संघ चढाईपटूत नेमके काय पाहतात, याविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ आहेत.

गैरसमज १: ज्याचे गुण जास्त, तो चढाईपटू मोठा.

वस्तुस्थिती: गुणांची बेरीज अर्धीच गोष्ट सांगते. सामना ४० मिनिटांचा आणि एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली, तर एका संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात. समजा, एकाने २४ चढायांत १२ गुण घेतले आणि सहा वेळा पकड दिली. दुसऱ्याने १२ चढायांत ८ गुण घेतले आणि एकदाच सापडला. तक्त्यात पहिला वर दिसतो, पण संघाला फायद्याचा दुसरा. पकड झाली की प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, त्यांचा एक बाद गडी उठतो आणि मुख्य चढाईपटू स्वतः बाहेर बसतो. म्हणून दर चढाईमागे गुण किती, पकडी किती आणि मैदानाबाहेर गेलेला वेळ किती, हे तिन्ही एकत्र पाहावे लागते.

गैरसमज २: धावण्याचा वेग हीच चढाईपटूची खरी कसोटी.

वस्तुस्थिती: पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. चढाईपटूच्या वाट्याला त्याचा निम्मा भाग, म्हणजे ६.५ मीटरची खोली येते. शंभर मीटर धावणाऱ्याचा वेग इथे पुरता खुलतच नाही. उपयोगी पडते ते पायांचे काम: एका पावलात थांबणे, दिशा बदलणे, कोपरारक्षक घोट्यावर झेपावण्याआधी पाय काढून घेणे. परतीच्या पहिल्या दोन पावलांतली उसळी पल्लेदार धावेपेक्षा मोलाची ठरते.

गैरसमज ३: उंच, धिप्पाड खेळाडूच पुढे जातो.

वस्तुस्थिती: वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किलो आहे, त्यामुळे नुसत्या आकाराच्या जोरावर फार पुढे जाता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुंदळेवाडीच्या परिसरातून आलेल्या सिद्धार्थ देसाईची ताकद पकडीतून ओढत बाहेर पडण्यात होती. प्रदीप नरवालची ओळख मात्र ‘डुबकी’, म्हणजे बचावपटूंच्या साखळीच्या हातांखालून वाकून निसटणे. त्याने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. लांब हातांनी दुरून गडी टिपता येतो, तर बुटक्या बांध्याला कमरेत पकडणे अवघड जाते. बांध्याला साजेसे कौशल्य खेळाडूकडे आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

गैरसमज ४: बोनस म्हणजे फुकटचा गुण.

वस्तुस्थिती: बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांच्या तोंडाशी असते. तिथे एक पाय पलीकडे टेकवताना दुसरा हवेत ठेवावा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी घोट्याची पकड बसते. शिवाय समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. त्याला एक मर्यादाही आहे: बोनसने गुण वाढतो, पण बाहेर बसलेला आपला गडी उठत नाही. म्हणून स्पर्शाचे आणि बोनसचे गुण वेगळे मोजले जातात. केवळ बोनसवर जगणारा खेळाडू समोर पाच गडी उरले की कोरडा पडतो.

गैरसमज ५: जत्रेतल्या मैदानाचा राजा मॅटवरही राजाच.

वस्तुस्थिती: गावोगावच्या स्पर्धा अनेकदा मातीवर, अनवाणी आणि ५५ किंवा ६५ किलोच्या वजनी गटांत होतात. लीग मॅटवर, बूट घालून आणि अधिक वजनाच्या बचावपटूंसमोर खेळली जाते. मातीत पाय थोडा घसरतो आणि पडणे सुसह्य होते. मॅटवर पाय घट्ट रुततो, त्यामुळे वळण झटपट मिळते, पण गुडघा व घोट्यावर ताणही येतो. ६५ किलोच्या गटात हात झटकून सुटणारा खेळाडू ८५ किलोच्या मध्यरक्षकाच्या मिठीतून सुटेलच असे नाही. मातीवरची कामगिरी संकेत देते, हमी देत नाही.

गैरसमज ६: रिकामी चढाई म्हणजे वाया गेलेली चढाई.

वस्तुस्थिती: आघाडी राखायची असेल, तर बोनस रेषेच्या अलीकडची ‘निदान रेषा’ ओलांडून सुखरूप परतणे हाच डाव असतो. मात्र सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. या ‘करो या मरो’ चढाईत बचाव दबा धरून बसलेला असतो. खेळाडू कच्चा की मुरलेला, हे अशाच चढायांत उघड होते.

गैरसमज ७: मोठी बोली म्हणजे मोठी गुणवत्ता, आणि ती विशीतच लागली पाहिजे.

वस्तुस्थिती: लीगमध्ये शिरायला मोठी बोलीच लागते असे नाही. लीगच्या २०२२ च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या दोन संघांचे २४ खेळाडू यादीत घेण्यात आले होते. नव्या तरुण खेळाडूंना संघ लिलावाबाहेरही करारबद्ध करतात. २०२३ च्या लिलावात ‘ड’ गटाची पायाभूत किंमत ९ लाख, तर ‘अ’ गटाची ३० लाख होती. त्यापुढची बोली संघाला त्या जागेची किती निकड आहे, यावर चढते. सिद्धार्थ देसाई पंचविशी ओलांडल्यावर, २०१८ मध्ये यू मुंबाकडून लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. नंतर खांद्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम अर्धवट राहिला. लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या प्रदीप नरवालवरही २०२५ च्या लिलावात बोली लागली नाही. बोली म्हणजे त्या वर्षाचा बाजारभाव. खेळाडूची गुणवत्ता आणि त्याच्या शरीराची साथ या वेगळ्या बाबी आहेत.

म्हणून एखाद्या महाविद्यालयीन चढाईपटूची पारख करताना एकाच स्पर्धेचे आकडे पुरत नाहीत. समोर सात गडी असताना आणि तीन गडी असताना, पहिल्या पाच मिनिटांत आणि शेवटच्या पाच मिनिटांत, ओळखीच्या आणि अनोळखी कोपरारक्षकांपुढे तो कसा खेळतो, हे निदान दोन हंगाम मॅटवर पाहावे लागते.