कबरींनी राखलेले रान

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात वेस्टमिन्स्टर गावाजवळ रॅम्झी क्रीक ही दफनभूमी आहे. बिली कॅम्पबेल या डॉक्टरांनी ती 1998 साली सुरू केली. तिथे मृतदेहात टिकाऊपणाची रसायने भरत नाहीत, की खड्ड्यात काँक्रीट घालत नाहीत. सुती कापडात गुंडाळलेला किंवा साध्या लाकडी पेटीत ठेवलेला देह जंगलातच पुरतात आणि खुणेला एखादा दगड आडवा ठेवतात. महाराष्ट्रातल्या मुसलमान किंवा लिंगायत वाचकाला यात नवे काही दिसणार नाही. काँक्रीट आणि रसायनांवाचून दफन त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. नवल आहे ते अमेरिकेने ही साधी रीत सोडली कशी याचे. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पोचवण्यासाठी रसायने वापरली जाऊ लागली. 1865 मध्ये लिंकन यांचा देहही असाच टिकवून रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेला आणि वाटेत असंख्य लोकांनी त्याचे दर्शन घेतले. पुढे देह टिकवण्याचा मोठा धंदा झाला. कबरीतला काँक्रीटचा हौद बहुतेक ठिकाणी कायदा मागत नाही, दफनभूमीचे चालक मागतात. जमीन खचू नये आणि हिरवळीवर यंत्र सपाट फिरावे, एवढ्यासाठी.

वनदफनाचे कौतुक बहुधा ‘देहाचे झाड होते’ या कल्पनेपाशी थांबते. जंगलाला मात्र आपल्या खताची फारशी गरज नसते आणि दहनानंतरची रक्षा तर क्षार व अल्कता यांमुळे कोवळ्या रोपाला बाधकच ठरू शकते. माझ्या मते खरा लाभ जमिनीला होतो. जिथे माणसे पुरलेली आहेत ती जागा विकायला, तिथे इमारत उठवायला समाज सहजी धजत नाही. त्यात रॅम्झी क्रीकप्रमाणे कायमच्या संवर्धनाचा कायदेशीर करार झाला, तर भावनेला कागदाचाही आधार मिळतो. मृतांच्या नावाची जमीन कशी टिकते हे पाहायला मुंबईच्या मलबार हिलवर जावे. तिथली पारशी समाजाची डुंगरवाडी पन्नासेक एकरांची आहे. तिथे देह पुरत नाहीत, गिधाडांसाठी ठेवतात. पण जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडे जवळजवळ संपवली. 2006 मध्ये त्यावर बंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणजे ज्या विधीसाठी जागा राखली तोच अडखळला, तरी देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एकीवर झाडी उभी आहे. सह्याद्रीतल्या देवरायांत कुऱ्हाड थांबते ती देवाच्या धाकाने. इथे ते काम पूर्वज करतात.

वनदफनावर पहिला आक्षेप पाण्याचा असतो. तीन-चार फूट खोलीवर हवा आणि सूक्ष्मजीव पुरेसे असतात, त्यामुळे देह तिथे सहा फुटांपेक्षा लवकर विघटित होतो आणि माती बरेच काही गाळून घेते. पण भूजल वर असेल किंवा विहीर-ओढा जवळ असेल, तर तिथे दफन करूच नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दहनाला कायमची जागा लागत नाही, मग दाट वस्तीच्या देशाने जमीन का अडकवावी? हा मुद्दा मला मान्य आहे. मुंबईत सरणाला पर्याय म्हणून वनदफन सुचवणे निरर्थक ठरेल. तिथे विद्युतदाहिनीच बरी. वनदफन शोभते ते रान आधीच उभे असून विकले जाण्याच्या बेतात असेल तिथे. इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे 1993 मध्ये केन वेस्ट यांनी नगरपालिकेच्या दफनभूमीत कबरींवर झाडे लावण्याची प्रथा सुरू केली. तीही स्तुत्यच, पण तिथे दफनभूमीचे रान होते. रॅम्झी क्रीकमध्ये असलेले रान वाचते. हा भेद ओळखूनच अमेरिकेतली ग्रीन बरियल कौन्सिल ही संस्था केवळ रसायनमुक्त दफनभूमी आणि संवर्धनाला बांधलेली दफनभूमी यांना वेगवेगळे दर्जे देते.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. जागा विकल्या जातात तोवर रानाची देखभाल चालते. शेवटची जागा विकली की उत्पन्न थांबते, परके तण काढणे आणि वाटा राखणे मात्र थांबत नाही. म्हणून प्रत्येक विक्रीतला काही भाग कायमच्या निधीत जातो का आणि करार कोणत्या संस्थेच्या हाती आहे, हे जागा घेणाऱ्याने झाड निवडण्याआधी विचारावे.