पुढचा भाग जिममध्ये

व्यायाम का करायचा, हे ठाऊक नसलेला माणूस आता सापडणं कठीण. डॉक्टरांनी साखरेच्या रिपोर्टवर बोट ठेवलेलं असतं, जिमची वर्षाची फीही भरून झालेली असते. तरी पहाटे गजर वाजला की हात आपसूक तो बंद करतो. कारण साधं आहे: फायदा पुढे कधीतरी, कंटाळा मात्र आत्ता. आणि मन बहुतेक वेळा ‘आत्ता’च्या बाजूने कौल देतं.

मग मजाही आत्ताच मिळाली तर? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २२६ जणांपैकी एका गटाला उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची ऑडिओबुकं भरलेले आयपॉड दिले, पण ते राहणार जिममध्येच. नायिकेचं पुढे काय झालं ऐकायचंय? चढा ट्रेडमिलवर! (आपल्या मालिकावाल्यांना ही युक्ती कधीचीच ठाऊक आहे.) सुरुवातीला हा गट तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा ५१ टक्के अधिक वेळा जिमला गेला. ज्यांना ऑडिओबुकं स्वतःच्याच आयपॉडवर दिली आणि ‘जिममध्येच ऐका’ एवढंच सुचवलं, त्यांच्यात ही वाढ २९ टक्के होती.

पुढे उत्साह ओसरत गेला आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीने तर सगळंच मुसळ केरात घातलं. मला मात्र शेवटची नोंद जास्त बोलकी वाटते: प्रयोग संपल्यावर ६१ टक्के लोक आयपॉड असाच जिममध्ये अडकवून ठेवण्यासाठी पदरचे पैसे मोजायला तयार होते.