परळचे ज्ञान आणि उपनगराचे अंतर

मुंबई महानगरपालिकेची रुग्णालये म्हटली की गर्दी, अपुऱ्या खाटा आणि व्हरांड्यात ताटकळणारे नातेवाईक एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १९९४ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सरकलेला सांधा पट्ट्या व स्क्रू यांच्या साहाय्याने स्थिर करण्याची पद्धत एका युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स यांनी तिच्यात पट्ट्यांऐवजी सळ्यांचा वापर मांडला. आज जगभरचे शल्यचिकित्सक ती 'गोयल-हार्म्स' या जोडनावाने ओळखतात. गरिबांच्या रुग्णालयात एकेका रुग्णाचे वृत्त काळजीपूर्वक नोंदवीत गेल्यास जागतिक मोलाचे संशोधन उभे राहू शकते, याचा हा पुरावा आहे.

तथापि अर्थशास्त्रात उत्पादनापाठोपाठ वितरणाचा प्रश्न येतो आणि ज्ञानही त्याला अपवाद नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९४ लाख होती. म्हणजे चार मुंबईकरांपैकी तिघे उपनगरवासी. परंतु के. ई. एम., नायर आणि शीव ही महापालिकेची तीनही जुनी शिक्षण-रुग्णालये शहर जिल्ह्यात आहेत. उपनगरांत महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१५ साली, कूपर रुग्णालयाच्या आश्रयाने. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही रुग्णालये आपापल्या भागाचा भार वाहतात. पण मेंदूच्या गंभीर दुखापतीचा रुग्ण आला की नातेवाइकांच्या तोंडी 'केईएम की सायन?' हाच प्रश्न असतो. बोरिवली ते दादर हे अंतर रेल्वेने सुमारे २४ किलोमीटर आहे. मुलुंड ते शीव सुमारे १८. रस्त्याने, संध्याकाळच्या वेळी, हे अंतर किलोमीटरांत मोजण्यात अर्थ नसतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही. करोनाची दोन वर्षे वगळता मुंबईच्या लोकलमार्गांवर अलीकडच्या काळात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत. डब्यातून पडणारा, रूळ ओलांडताना गाडीखाली सापडणारा किंवा द्रुतगती महामार्गावर दुचाकीवरून फेकला जाणारा माणूस बहुधा कमावत्या वयाचा असतो आणि डोक्याला मार लागणे हे अशा अपघातांचे नित्याचे लक्षण आहे.

अशा रुग्णाच्या बाबतीत वेळेची किंमत काय, हे अमेरिकेतील रिचमंड येथील शल्यचिकित्सकांनी १९८१ साली आकड्यांनी दाखविले. मेंदूच्या आवरणाखाली तीव्र रक्तस्राव होऊन गुठळी झालेल्या ८२ रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. इजा झाल्यापासून चार तासांच्या आत ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३० टक्के होते. त्यानंतर झाली त्यांच्यात ते ९० टक्के निघाले. पुढील सर्वच अभ्यासांत हा फरक इतका ठळक आढळला नाही, हे खरे. पण कवटीच्या बंदिस्त जागेत दाब वाढत असताना विलंब घातक ठरतो, याविषयी दुमत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या क्षेत्रातील कित्येक उपयुक्त शोध विलक्षण स्वस्त आहेत. टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगो येथे बेशुद्धीचे मोजमाप तयार केले. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय कसे हलवितो, एवढे पाहून ३ ते १५ गुण द्यावयाचे. त्याला यंत्र लागत नाही; प्रशिक्षित परिचारिका ते दर अर्ध्या तासाने करू शकते आणि गुण घसरू लागले की धोक्याची सूचना मिळते. दुसरे उदाहरण ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे. १९६० च्या दशकात जपानमध्ये शोधल्या गेलेल्या या स्वस्त औषधाची चाचणी २९ देशांतील १२,७३७ जखमींवर झाली आणि निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. अतिगंभीर रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ दिसला नाही. परंतु सौम्य व मध्यम इजेच्या रुग्णांना ते तीन तासांच्या आत दिले असता डोक्याच्या इजेमुळे होणारे मृत्यू ७.५ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर आले. औषध स्वस्त आहे. महाग आहेत ते तीन तास.

काय करू नये, हेही संशोधनानेच शिकविले. डोक्याच्या इजेत स्टेरॉइड देण्याचा प्रघात कित्येक वर्षे चालू होता. २००४ साली दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतील मृत्यू २१.१ टक्के आणि न दिलेल्यांत १७.९ टक्के आढळले. सद्हेतूने दिले जाणारे औषध माणसे मारीत होते आणि एकेकट्या वैद्याच्या अनुभवाला ते कळणे शक्य नव्हते.

मात्र प्राण वाचविले की कर्तव्य संपले, असे मानता येत नाही. मेंदूवरील दाब इतर उपायांनी उतरत नसेल तर कवटीचा भाग काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ४०८ रुग्णांच्या चाचणीत या शस्त्रक्रियेने सहा महिन्यांतील मृत्यू ४८.९ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आणले. म्हणजे शंभरांमागे बावीस जीव वाचले. परंतु त्या बावीसांपैकी सुमारे सहा जण जाणीवशून्य अवस्थेत राहिले आणि आठ जण घरातही पूर्णतः परावलंबी झाले. अंधेरीच्या चाळीतील एका खोलीत अशा माणसाची शुश्रूषा कोणी करावयाची? बहुधा पत्नी नोकरी सोडते किंवा मुलगी शाळा. हा खर्च रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नसतोच असे नाही. पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था हाजी अलीला, म्हणजे पुन्हा शहरातच आहे.

प्रत्येक उपनगरात मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग काढावा, या मागणीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. अशा शल्यचिकित्सकाचा हात सतत काम केल्यानेच तयार राहतो. रुग्ण विखुरले तर खर्च वाढेल आणि कौशल्य घटेल. आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष केंद्रीकरणाचा असला, तरी ते केंद्र परळलाच असले पाहिजे, असा नाही. पश्चिम व पूर्व उपनगरांसाठी प्रत्येकी एक चोवीस तास चालणारे शस्त्रक्रिया-केंद्र आणि इतर रुग्णालयांत अहोरात्र सी. टी. स्कॅन, अशी रचना दोन्ही उद्दिष्टे साधते. स्कॅनची चित्रे क्षणार्धात पाठविता येतात. रुग्णवाहिका वाटेत असतानाच शस्त्रक्रियागृह सज्ज होऊ शकते. यासाठी नवे शोध नकोत, रात्रपाळीला माणसे हवीत.

काही पावले पडली आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसांचा त्रास होऊ नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मेंदूशस्त्रक्रियेचाही समावेश आहे. पण विम्याचे कार्ड खर्चाची भरपाई करते, हरवलेल्या तासांची नाही.

परळच्या शस्त्रक्रियागृहात जन्मलेली पद्धत टोकियोला आणि न्यूयॉर्कला पोहोचली. घाटकोपरच्या फलाटावर पडलेल्या माणसापर्यंत ती विद्या वेळेवर पोहोचते की नाही, यावर या शहराच्या आरोग्यव्यवस्थेची परीक्षा होणार आहे. आणि त्या परीक्षेचे गुण, ग्लासगोच्या मोजमापाप्रमाणेच, दर अर्ध्या तासाला घसरत असतात.