छपराखालचे गुलाब

मावळच्या धो धो पावसात नाजूक गुलाब? मी भाच्याला हसलो होतो. परवा त्याने मला तळेगावजवळचे आपले हरितगृह दाखविले. वर 200 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, बाजूंना गुंडाळायचे पडदे. ऊन गाळून आत येते, पाऊस बाहेर राहतो. थंडीत पडदे सोडले की ऊब टिकते.

"मग तुला चिंता कसली?" मी विचारले.

"मामा, मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली. बाजार बंद, लग्ने बंद. पण कळ्या थोड्याच थांबतात? झाड बिघडू नये म्हणून रोज फुले तोडायची आणि खड्ड्यात टाकायची. डोक्यावर कर्ज होतेच. छप्पर पाऊस अडविते, मंदी नाही!"

निघताना त्याने मामीसाठी गुलाबांची जुडी दिली. पैसे द्यायला गेलो, तर तो हसला. या खेपेस हसण्याची पाळी त्याची होती.