उन्हाचा कारखाना

वरवट बकालच्या गृहिणींना रसायनशास्त्रातले एक मर्म पुस्तक न उघडताच ठाऊक आहे. मिरच्या वाळवायच्या तर त्या पसरून घालाव्यात. ढीग घातला की वरच्या कडकडीत वाळतात आणि तळच्या ओल्या राहून काळ्या पडतात. आमच्या वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही; प्रश्न असतो तो ऊन पोचण्याचा. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पण एवढे ध्यानात धरले तेव्हा एक नवे शास्त्र मलाही उमगले.

रसायने घडवायची म्हणजे बहुधा भट्टी, वाफ आणि कोळसा. काही पदार्थ मात्र उष्णतेऐवजी प्रकाशाने कामाला लागतात. द्रवात चिमूटभर रंगद्रव्य घालतात. ते प्रकाश गिळते, त्याची शक्ती शेजारच्या रेणूला देते आणि स्वतः पहिल्यासारखे होऊन पुढच्या किरणाची वाट पाहते. हेच प्रकाश-उत्प्रेरण.

काचेच्या चंबूत हे झकास जमते. मोठ्या पिंपात मात्र घोडे पेंड खाते. पहिल्या थराने निम्मा प्रकाश घेतला, तर तेवढ्याच जाडीचा दुसरा थर उरलेल्याचा निम्मा घेतो. थोड्याच अंतरावर अंधार! मधला माल कोरा राहतो आणि कडेचा प्रकाशाच्या अतिरेकाने बिघडतो.

मग उपाय काय? मिरच्यांचाच! द्रव पातळ पसरायचा, म्हणजे बारीक नळीतून वाहता ठेवायचा. २०१२ साली जर्मनीतील पोट्सडामच्या माक्स प्लांक संस्थेत पीटर झीबेर्गर आणि फ्रांस्वा लेव्हेक यांनी दिव्याभोवती पारदर्शक नळी गुंडाळली. आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध वनस्पतीतून काढताना एक आम्ल मागे उरते. त्यापासून केलेला पदार्थ प्राणवायूसह या नळीत सोडला, आणि साडेचार मिनिटांत पुढे आर्टेमिसिनिन तयार! एकाच पिकातून अधिक औषध. २०२३ साली हिवतापाने जगात सुमारे ६ लाख माणसे दगावली, हे आठवले म्हणजे या नळीचे मोल कळते.

उत्पादन वाढवायचे तर नळी जाड करायची नाही. शेजारी दुसरी, तिसरी लावायची. अडचणी आहेतच. प्रत्येक नळीत सारखाच द्रव जायला हवा, आणि घन कण साचले की नळी तुंबते. १९५० साली सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा वाहत्या रसायनक्रियांवर काम चालते. तिथले अमोल कुलकर्णी यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला.

बोलोन्याचे प्राध्यापक जाकोमो चामिचान यांनी १९१२ सालीच न्यूयॉर्कच्या व्याख्यानात सांगितले होते, की पुढे रखरखीत मुलखात धुराशिवाय कारखाने उभे राहतील आणि तिथे काचेच्या नळ्यांची वने दिसतील. अजून बहुतेक ठिकाणी सूर्याचे काम विजेचा दिवाच करतो. ढग आला की ऊन दगा देते ना! पण ही विद्या सूर्यापर्यंत पोचेल, त्या दिवशी रखरखीत मुलखाचे ऊन ही त्याची दौलत ठरेल. म्हणून, वाचकहो, या शास्त्राची पोथी आमच्या वऱ्हाडातल्या पोरापोरींच्या हाती आजच पडायला हवी. नाहीतर ऊन आमचे आणि कारखाना दुसऱ्याचा, असे व्हायचे!